बिनडोक गिटार

गेल्या वर्षी चैत्रापासून आषाढापर्यंत आमच्या बैठकीच्या खोलीत एक गिटार भिंतीला टेकून उभी होती. गिटार म्हणायचे ते केवळ चिरंजीवांच्या समाधानासाठी. वस्तुतः जुन्या कवाडाच्या फळ्या जोडून कापलेले एक धड, आणि त्याला सुतळीने बांधलेली सव्वीस इंचांची एक सागवानी फळी, एवढाच तो ऐवज होता. फळीचे वरचे टोक सरळ, चौकोनी, करवतीने कापून ठेवलेले. शेजारच्या काकूंना ते धुणे बडवण्याचे धोपाटणे वाटले. सुतारमामा येता-जाता विचारीत, "सर, मुंडकं कवा करायचं हिचं?" आणि आमच्या महाविद्यालयातले इंग्रजीचे सहकारी एकदा चहाला आले, त्यांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिले आणि 'बिनडोक गिटार' असे तिचे बारसे करून गेले. ते नाव तिला चिकटले.

मी मराठीचा प्राध्यापक. आद्यकवी मुकुंदराजांच्या अंबाजोगाईत राहतो, नाट्यसंगीत ऐकतो आणि विजेवर वाजणाऱ्या वाद्यांपासून शक्य तितका दूर राहतो. पण घरातच कारखाना निघाल्यावर किती दिवस दूर राहणार? चिरंजीव विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. विकतची गिटार मागण्याऐवजी ती आपण घरी करणार, असे त्याने जाहीर केले तेव्हा मला बरेच वाटले. खर्च तरी वाचेल! धड झाले, विजेची जुळणी झाली, आणि गाडी अडली ती माथ्यापाशी. गिटारच्या मानेचा जो वरचा पसरट भाग, ज्यात तारा पिळण्याच्या चाव्या बसवतात, त्याला इंग्रजीत हेडस्टॉक म्हणतात. मी आपला त्याला 'माथा' म्हणतो. तो कोणत्या आकाराचा करावा, हे तीन महिने ठरत नव्हते.

"अरे, त्यात काय एवढं ठरवायचं?" मी एकदा वैतागून म्हणालो. "चाव्या बसतील असा कोणताही आकार काप. टोपी कशीही असली तरी डोकं तेच राहतं."

"बाबा," तो शांतपणे म्हणाला, "टोपी नाही ही. आणि लाकूड एकच आहे."

त्या दुसऱ्या वाक्यावर मी गप्प बसलो. कारण ते लाकूड कुठले, हे मला त्याच्याहून जास्त माहीत होते.

ढाळजेतला खांब

केज तालुक्यातल्या आमच्या गावी आमचे माळवदाचे घर होते. मराठवाड्यातली जुनी घरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना माळवद सांगायला नको. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचणाच्या पट्ट्या आणि वर वीतभर मातीचे धाबे. उन्हाळ्यात आत गारवा, पावसाळ्यात मात्र दरवर्षी माती टाकण्याची कटकट. वडील गेले, आई आमच्याकडे अंबाजोगाईला आली, घर पावसात खचू लागले. सहा वर्षांपूर्वी मी ते विकले. विकताना हिशेब सगळा बरोबर होता. पण आईने कागदावर अंगठ्याशेजारी सही करताना माझ्याकडे पाहिले नाही, हे मी विसरलेलो नाही.

घेणाऱ्याने लाकूड वेगळे विकले. मी ढाळजेतला, म्हणजे दारातून आत शिरताच लागणाऱ्या ओसरीतला, एक खांब तेवढा मागून घेतला. पुस्तकांचे कपाट करावे असा विचार होता. तो विचार परसात सहा वर्षे पडून राहिला आणि शेवटी चिरंजीवाने त्याच्यावर टेप धरली.

खांब सात फुटांचा. पण सात फुटांतले कामाचे किती? वरच्या हातभर भागात तुळईच्या सांध्यासाठी कोरलेला खाचा. खालचा भाग वर्षानुवर्षे ओल खाऊन उभा चिरलेला. मधली स्वच्छ लांबी निघाली ती सव्वीस इंच. भेगा टाळून चिरल्यावर तिच्यातून एकच फळी मिळाली, जाडी एक इंच एक सूत. आणि त्या फळीच्या वरच्या टोकापासून साडेतीन इंचांवर, मध्यापासून अर्धा इंच डावीकडे, आरपार एक काळेभोर भोक. पूर्वी तिथे एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती. सागात लोखंड राहिले की लाकूड भोवताली काळे पडते, तसे तेही पडले होते.

मान आणि माथा मिळून गिटारला पंचवीस इंच हवे होते. भोक कापून टाकावे तर उरतात बावीस. म्हणजे भोकाला घेऊनच संसार करायचा होता.

तार काय मागते

माथ्याचे काम काय, हे मला चिरंजीवाने समजावले. ते मी माझ्या शब्दांत सांगतो.

विजेच्या गिटारचा आवाज तंबोऱ्यासारखा भोपळ्यात घुमत नाही. पोलादी तारांखाली लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याचे वेटोळे असते. तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि ती ध्वनिवर्धकाकडे जाते. त्यामुळे धड पोकळ असण्याची गरज नाही. पण तारा मात्र ताणलेल्याच हव्यात. सहा तारांचा मिळून ओढ शंभर पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल. कापसाची अर्धी गाठोडी रात्रंदिवस त्या मानेला लटकली आहेत असे समजा. मान वाकू नये म्हणून आत पोलादी सळई घालतात. माथ्याला मात्र असा आधार नाही. तो स्वतःच्या लाकडावरच उभा.

तार जिथे मान सोडून माथ्यावर जाते तिथे एक आडवी पट्टी असते. तंबोऱ्याला असते ती अटी, तीच ही. तार अटीवरून थोडी खाली वळून चावीकडे गेली पाहिजे. वळली नाही तर ती अटीवर नीट दाबून बसत नाही आणि खणखणते. फार वळली तर खाचेत रुतते. सूर लावताना चावी फिरवावी, तार जागची हलू नये आणि मग एकदम 'टिक्' करून सुटावी, अशी तिची तऱ्हा होते. उभ्या वळणाचे असे. आडव्या वळणाचेही तसेच. तार अटीतून निघून डावी-उजवीकडे वाकडी झाली की खाचेच्या कडेला घासते, आणि घासली की सूर ठरत नाही.

म्हणजे माथ्याचा आकार डोळ्यांनी ठरवायचा नाही; तो तारेला विचारून ठरवायचा. जगात हे तारेला विचारणे निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या रीतीने केले आहे, आणि तो इतिहास मला आमच्या छंदोरचनेच्या इतिहासाइतकाच रंजक वाटला.

तीन घराणी

पहिले घराणे गिब्सनचे. माथा मागे कललेला, सतरा अंशांच्या आसपास, आणि चाव्या तीन डावीकडे, तीन उजवीकडे. १९५२ साली निघालेली लेस पॉल ही यांची प्रसिद्ध भरीव गिटार. कललेल्या माथ्यामुळे तारा अटीवर घट्ट बसतात. पण दोन अडचणी. मधल्या दोन तारांना आपल्या चाव्यांकडे जाण्यासाठी बाहेर बरेच वळावे लागते आणि त्यांतली तिसरी तार रुसण्याबद्दल बदनाम आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर. एका सरळ लाकडातून कललेला माथा कापला की वळणापाशी लाकडाचे धागे तुटके राहतात. शिवाय तिथेच सळईसाठी कोरलेले असते. गिटार उताणी पडली की माथा मोडतो तो हमखास तिथेच. आणि एका तुकड्यातून असा माथा काढायला लाकूड तीन इंच तरी जाड लागते. आमच्यापाशी एक इंच एक सूत!

दुसरे घराणे फेंडरचे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याने परंपरेचा मुलाहिजा ठेवला नाही. मॅपल लाकडाची सपाट फळी घेतली, तीतूनच मान आणि माथा सलग कापला, माथा कलवला नाही, नुसता थोडा खाली उतरवला. आणि साही चाव्या एका बाजूला रांगेत लावल्या. तारा सरळ जातात, लाकूड वाचते, मोडण्याचे भय कमी. १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरचा माथा आज जगात कुठेही ओळखू येतो. तरी एका ओळीत साही चाव्या ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. व्हिएन्नाच्या योहान गेओर्ग स्टाउफरने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तसे माथे केले होते. १८३३ साली जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या मार्टिन या कारागिराच्या सुरुवातीच्या गिटारींवर ते दिसतात. आणि पॉल बिग्सबीने १९४८ साली मर्ल ट्रॅव्हिस या वादकासाठी केलेल्या गिटारवरही. फेंडरच्या रीतीत अडचण एकच: माथा सपाट असल्याने दूरच्या चाव्यांकडे जाणाऱ्या तारा अटीवर पुरेशा दाबत नाहीत. म्हणून त्यांना खाली ओढणारी छोटी आकडी माथ्यावर ठोकावी लागते, आणि जिथे आकडी तिथे घासणे आलेच.

तिसरे घराणे खरोखरीच बिनडोक! नेड स्टाइनबर्गर याने १९८०च्या सुमारास माथाच काढून टाकला; तारा वर नुसत्या अडकवायच्या आणि पिळायच्या त्या खालच्या टोकाला. इथे आमच्या भोकाचाही प्रश्न सुटत होता. चिरंजीव चार दिवस या विचारात होता. परंतु त्या तऱ्हेचा खालचा सरंजाम आमच्या एकूण अंदाजपत्रकाएवढा महाग निघाला, आणि तीन-तीनच्या जोडीच्या चाव्या पार्सलाने येऊन पडल्या होत्या. गरिबाला डोके ठेवणेच परवडते, असे मी म्हणालो. तो हसला नाही.

सही कोणाची?

चैत्रात त्याचा विचार स्ट्रॅटोकास्टरचा माथा हुबेहूब उतरवून घेण्याचा होता. कागदावर आकृती काढली होती. वर त्या कंपनीचे नावही वळणदार अक्षरांत रेखाटले होते. मी म्हणालो, "आकार घे, पण नाव?" तो म्हणाला, "सगळेच लावतात."

मला वर्गातल्या वह्या आठवल्या. दरवर्षी माझ्या तपासणीला शंभर निबंध येतात आणि त्यांतल्या पन्नासांची सुरुवात एकाच मार्गदर्शकातून उतरलेली असते. मुलांना रागावतो खरा. परंतु मी स्वतःही नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत माझ्या गुरुजींच्या टिपणांवरूनच शिकवीत होतो, हे त्यांना सांगत नाही. उसना माथा काही काळ सर्वांनाच लागतो.

पण बाहेरच्या जगात ही गोष्ट इतक्या सहज घेत नाहीत. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत एक खटला गुदरला. प्रतिवादी होते जपानी आयबानेझ गिटारींचे तिथले विक्रेते, आणि वादाचा विषय होता फक्त माथ्याची रूपरेषा! धड तसेच, मान तशीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण माथा आमचा का? आयबानेझने तोवर आपला माथा बदलायला घेतलाच होता. पुढे प्रकरण आपसात मिटले. माथा म्हणजे करणाऱ्याची सही, हे त्या खटल्याने जाहीरपणे सांगितले. घरात वाजवण्यासाठी एखादा आकार कापला म्हणून कोणी केजपर्यंत समन्स घेऊन येणार नाही, हे खरे. पण आपल्या हाताने केलेल्या वस्तूवर दुसऱ्याची सही कशाला? हे मी बोललो नाही. सुतारमामांनी बोलून टाकले. कागदावरचे नाव बोटाने दाखवून ते म्हणाले, "हे कोन? ह्यांचा खांब हाय का?"

दुसऱ्या दिवशी तो कागद दिसला नाही.

मिरजेची फेरी

ज्येष्ठात मला सांगलीस काम निघाले. मी चिरंजीवाला बरोबर घेतले. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर असा एके काळच्या बार्शी लाइट रेल्वेचा तो रस्ता. पूर्वी तिथे छोटी गाडी धावायची, आता मोठे रूळ आहेत. काम उरकून आम्ही मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो.

मिरजेचे हे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांच्या पिढीने तंतुवाद्ये करायला घेतली आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा हात. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावी स्थायिक झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका दुकानात वृद्ध कारागीर खुंटी बसवीत होते. चिरंजीवाने धीर करून आपली अडचण सांगितली. त्यांनी गिटारची थट्टा केली नाही. समोरचा तंबोरा आडवा करून म्हणाले, "बघा, याला वेगळं डोकं नाहीच. दांडी तशीच सरळ पुढं जाते, तिच्यातच खुंट्या." मी आजवर शेकडो मैफलींत तंबोरा पाहिला आणि ही गोष्ट मला दिसली नव्हती! माथा कललेला नाही. मग तार दाबून कशी बसते? तर तिथे दोन पट्ट्या असतात. एकीच्या खाचांवरून तारा जातात, ती अटी. तिच्यापलीकडे दुसरी, तिच्या भोकांतून तारा ओवतात, ते तारगहन. ते तारांना खाली धरते. चिरंजीव माझ्या कानाशी पुटपुटला, "बाबा, फेंडरची आकडी!" कॅलिफोर्नियातल्या रेडिओवाल्याला जी युक्ती सुचली ती मिरजेत कितीतरी आधीपासून होती. तारेने दोघांनाही एकच प्रश्न विचारला होता, म्हणून उत्तरही एकच आले.

खुंटी फिरते आणि तरी सरकत नाही, ती कशी, हेही त्यांनी दाखवले. खुंटी निमुळती, भोकही तितकेच निमुळते. दोन्ही एकमेकांत मुरले पाहिजेत. सरकलीच तर खडूची पूड. निघताना ते म्हणाले, "आकार मागनं येतो. आधी तार कुठनं कुठं जाणार ते दोरा लावून बघा."

चार अंश

घरी येताच दोरा लावणे सुरू झाले. पण दोरा लावण्याआधी त्याने आणखी एक प्रयोग करून पाहिला तो सांगितलाच पाहिजे. लाकूड पातळ असले तरी माथा कलवता येतो: फळीला तिरका काप द्यायचा, तुकडा उलटा करून पुन्हा डकवायचा. धागेही तुटत नाहीत. उरलेल्या तुकड्यांवर त्याने हा सांधा करून पाहिला. दोन दिवसांनी गुडघ्यावर ठेवून दाबला, तर कट्ट! सागाला अंगचे तेल असते. ते स्पिरिटने पुसून काढल्याशिवाय सरस धरत नाही, हे आम्हाला नंतर सुतारमामांनी सांगितले. पुसून केलेला दुसरा सांधा टिकलाही. पण तो आवाज त्याच्या कानातून जाईना. खांबाच्या लाकडावर ती जोखीम घ्यायला तो तयार नव्हता. आणि खरे सांगायचे तर मीही नव्हतो.

वाट सापडली ती इंग्लंडातल्या एका बापलेकांच्या उद्योगात. १९६३ साली ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाने, विकतची परवडत नाही म्हणून, वडिलांच्या मदतीने घरीच विजेची गिटार करायला घेतली. दोन वर्षे लागली. मान कोरली ती शंभर वर्षांपूर्वीच्या शेकोटीच्या चौकटीतून. तिला किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलीच्या, आणि एका दांड्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचे बोंड. हाच ब्रायन मे पुढे 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा वादक झाला आणि त्याने ती गिटार जन्मभर वाजवली. त्याचा साथीदार गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी कुटुंबातला मुलगा १९५०च्या दशकात आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकत होता आणि तिथल्या मुलांच्या बँडमध्ये पियानो वाजवीत होता, हे कळल्यावर मला ती गिटार एकदम नात्यातली वाटू लागली.

त्या गिटारचा माथा लहानसा. चाव्या तीन-तीन, पण अशा बसवलेल्या की साही तारा अटीतून निघून वाकडे न होता सरळ चावीला जातात. आणि माथ्याचा कल सतरा अंश नव्हे, शून्यही नव्हे. जेमतेम चार अंश.

चिरंजीवाने पाटी घेतली. माथा पावणेसात इंच लांब. चार अंशांनी शेवटपर्यंत उतार होतो अर्ध्या इंचाला किंचित कमी. माथ्याची जाडी अर्ध्या इंचाहून थोडी जास्त. बेरीज एक इंच एक सुतात बसते! सांधा नको, आकडी नको, तीन इंचांचे लाकूडही नको. वडिलांच्या खांबातून निघालेली फळी जितकी जाड होती, बरोबर तितकेच लाकूड लागत होते.

खुंटी

उरले भोक. सुतारमामांनी सुचवले, "फळी उलटी घ्या, भोक खाली धडात झाकून जाईल." पण खालच्या टोकाला केसासारखी एक चीर होती. धडाच्या खाचेत, स्क्रूंनी आवळलेली, ती निरुपद्रवी राहिली असती; माथ्यात, जिथे लाकूड सर्वांत पातळ, तिथे ती उघडली असती. मग मी म्हणालो, "लाकडी गुज ठोकून बुजवून टाका. वरून रंग दिला की दिसणारही नाही." मला ते काळे वर्तुळ नकोच होते. घर विकल्याची ती पावती होती.

चिरंजीव दोरे लावून बसला होता. अटीपासून सहा दोरे सरळ ताणलेले. तो म्हणाला, "बाबा, इकडे या." पाचव्या तारेचा दोरा त्या भोकाच्या कडेला लागून जात होता. चावीच्या दांडीला तार जशी कडेने वेढा घेते, अगदी तसा. आखणीची मध्यरेषा एक रेघभर सरकवली की जुळले. भोक तीन सुतांचे. चावीला हवे दहा मिलीमीटर, म्हणजे तीन सुतांहून केसभर जास्त.

आई दारात उभी राहून हे सारे पाहत होती. ती पुढे आली, फळीवर बोट फिरवले आणि म्हणाली, "ही ह्यांची खुंटी. वीणा असायची हिला."

वडील विणेकरी होते. गावच्या सप्ताहात अखंड सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहाऱ्यामागून पहारा. वडिलांचा पहारा मध्यरात्रीचा असे. उरलेले वर्षभर ती वीणा ढाळजेतल्या खांबाला, त्या लोखंडी खुंटीला टांगलेली. घर विकताना मी वीणा देवळात दिली होती; खुंटी कोणी उपसली ते मला ठाऊकही नाही.

भिंतीतली ती खुंटी आणि वाद्यातली तीही खुंटी. वीस वर्षे मराठी शिकवतो. हा शब्द दोन्हीकडे आहे हे मला त्या दुपारी कळले.

"बुजवू नका," आई म्हणाली. तेवढेच. सहा वर्षांत त्या घराविषयी ती माझ्याशी प्रथमच बोलली.

सुतारमामांनी भोक हाताने, हळूहळू रुंदावले. जुनी खुंटी ठोकताना किंचित तिरकी गेली होती, ती तिरीप काढायला त्यांना अर्धा तास लागला. बाकीची पाच भोके त्या एकावरून मोजून घेतली. सहाही जागा ठरल्यावर माथ्याचा आकार काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मधल्या तारा सर्वांत दूर जायच्या, कडेच्या जवळच थांबायच्या. म्हणून माथा अटीपाशी रुंद आणि टोकाकडे निमुळता झाला, आंब्याच्या पानासारखा. तो कोणी ठरवला नाही. मिरजेचे कारागीर म्हणाले होते तसा तो मागून आला.

भाद्रपदात तारा चढल्या. पहिल्या दिवशी आम्ही सगळेच श्वास धरून होतो. अर्धा क्विंटल ओढ आणि शेदीडशे वर्षांचे नव्हे तरी वडिलांच्याही आधीचे लाकूड! माथा हलला नाही. चाव्या गुळगुळीत फिरल्या. 'टिक्' झाले नाही. वाजले ते मला फारसे कळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माथ्यावर नाव कोणतेच नाही. पाचव्या चावीभोवती काळे वर्तुळ तेवढे दिसते, आणि नवखा पाहुणा विचारतो, "इथं जळलं का हो?"

दसऱ्याला पाटीपूजनाच्या वेळी ती पुस्तकांशेजारी मांडली. पूजा झाल्यावर चिरंजीव तिला सवयीने पुन्हा भिंतीला टेकवू लागला, तेव्हा आई म्हणाली, "खाली ठेवू नको रे. टांग."

त्याच संध्याकाळी सुतारमामांनी बैठकीच्या भिंतीत दोन लाकडी खुंट्या बसवून दिल्या. त्यांच्या बेचक्यात माथा अडकतो आणि गिटार लटकते. माथ्याचा हाही एक उपयोग आहे. आमचे इंग्रजीचे सहकारी परवा पुन्हा चहाला आले होते. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि आपण ठेवलेले नाव मागे घेतले.